हिमवादळाच्या मागावर

इ. स. १७७२ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत असा बर्फ पडला कीं, तसा त्या पिढीनें पूर्वीं पाहिला नव्हता. पोटोमॅक नदीच्या कांठीं माउंट व्हर्नन येथें राहणाऱ्या एका जमीनदारानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें कीं, जिकडेतिकडे उंच घोड्याच्या छातीपर्यंत बर्फ चढला आहे. तेथून सुमारें शंभर मैलांवर दुसरा एक तरुण जमीनदार नुकतेंच लग्न करून नववधूसह आपल्या डोंगरावरील घराकडे निघाला होता. त्याला वाटेंत गाडी सोडावी लागली. उरलेला रस्ता त्या दोघांनीं घोड्यावरून, बर्फ तुडवीत कापला. त्यानेंही बर्फाची खोली टिपून ठेवली : सुमारें तीन फूट. पहिला जमीनदार म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन व दुसरा टॉमस जेफरसन. पुढें हे दोघेही संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष झाले, म्हणून त्यांच्या रोजनिशा जपल्या गेल्या आणि तें वादळ आजही त्या दोघांच्या नांवानेंच ओळखलें जातें.

दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. तें वादळ कोठून आलें, किती मैल रुंद होतें, दुसऱ्या दिवशीं कोणत्या गांवावर जाऊन कोसळलें, यांपैकीं कशाचेंही उत्तर माउंट व्हर्ननच्या अंगणांत मिळण्यासारखें नव्हतें आणि जेफरसनच्या डोंगरावरही नव्हतें. हिवाळी वादळाचा पसारा हजार मैलांचा; पाहणाऱ्या माणसाचें अंगण शंभर हातांचें. तें वादळ दिसावयाचें तर अनेक अंगणांतल्या नोंदी एकाच वेळेच्या असाव्या लागतात आणि त्या सर्व एका टेबलावर याव्या लागतात. सांगावयास ही गोष्ट सोपी आहे. ती साधावयास पुढें जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. आणि ती साधणाऱ्यांत पगारी शास्त्रज्ञ थोडे. शाळामास्तर, पाद्री, शेतकरी, डॉक्टर असे हौसेनें आकाशाकडे पाहणारे लोकच फार.

आपल्याकडे महाबळेश्वरला काल किती पाऊस झाला हें वर्तमानपत्रांत आधीं पाहून मग इतर बातम्यांकडे वळणारीं माणसें बहुतेक प्रत्येक घरांत एखादें तरी असतें. त्यांना या हौशी लोकांचा स्वभाव समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

वादळाला एक वाट असते, तें एका गांवाहून दुसऱ्या गांवाला जातें, हें अमेरिकेंत प्रथम बेंजामिन फ्रँकलिनच्या ध्यानांत आलें, आणि तेंही चंद्रग्रहण हुकल्यामुळें. तेव्हांच्या जुन्या कालगणनेप्रमाणें २१ ऑक्टोबर १७४३ च्या रात्रीं फिलाडेल्फियांत ग्रहण दिसावयाचें होतें. पण संध्याकाळीं ईशान्येचा वारा सुटला, आभाळ भरून आलें आणि फ्रँकलिनला चंद्र मुळींच दिसला नाहीं. बॉस्टन शहर फिलाडेल्फियाच्या ईशान्येस तीनशें मैलांच्या आंतबाहेर आहे. वारा ज्या दिशेकडून येतो त्याच दिशेकडून वादळ येत असलें पाहिजे, अर्थात् बॉस्टनला तें आधींच पोहोंचलें असेल, असें त्यानें धरून चाललें होतें. पुढें बॉस्टनचीं वर्तमानपत्रें हातीं आलीं तेव्हां तो चकित झाला. तेथें ग्रहण स्वच्छ दिसलें होतें. वादळ मागाहून आलें होतें. वारा ईशान्येकडून वाहत होता, पण वादळ स्वतः नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत होतें. फ्रँकलिननें यासाठीं कालव्याचा दाखला दिला. कालव्याच्या टोंकाचें दार उघडलें म्हणजे पाणी दाराकडे धांवतें. पण हालचालीला सुरुवात दाराजवळ होते आणि ती मागें मागें पसरत जाते.

आज या कोड्याचें उत्तर अधिक पुरतें ठाऊक आहे. हिवाळ्यांत कॅनडाकडून थंड, जड हवा समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरते. किनाऱ्याला लागूनच गल्फ प्रवाहाचें ऊन पाणी वाहत असतें. या दोहोंच्या सांध्यावर, पुष्कळदां हॅटरस भूशिराच्या आसपास, हवेच्या कमी दाबाचें केंद्र तयार होतें आणि किनाऱ्याच्या कडेकडेनें ईशान्येकडे जाऊं लागतें. उत्तर गोलार्धांत वारे अशा केंद्राभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतात; म्हणून केंद्र समुद्रावर असतांना किनाऱ्यावरच्या शहरांना वारा ईशान्येचा लागतो. तिकडचे लोक अशा वादळाला ‘नॉरईस्टर’ म्हणतात. केंद्राची वाट पन्नास मैल इकडे सरकली तर शहरावर दोन फूट बर्फ, तिकडे सरकली तर नुसता पाऊस किंवा कोरडा वारा. माग काढणाऱ्यांची सारी धडपड या पन्नास मैलांसाठीं असते.

फ्रँकलिननंतर बराच काळ या विषयांत विशेष कांहीं घडलें नाहीं. जेफरसननें विल्यम्सबर्गच्या महाविद्यालयांतील रेव्हरंड जेम्स मॅडिसन यांच्याशीं ठरवून (हे मॅडिसन अध्यक्ष झालेले नव्हेत, त्यांचे नात्यांतले) दोन ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेण्याचा प्रयोग १७७८ मध्यें केला. पण स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत तो फार दिवस चालला नाहीं. मग १८३१ मध्यें विल्यम रेडफील्ड यानें वादळांवर एक निबंध प्रसिद्ध केला. हा गृहस्थ तरुणपणीं खोगिरें बनविण्याचें काम शिकलेला, पुढें आगबोटींच्या धंद्यांत शिरलेला. १८२१ च्या मोठ्या वादळानंतर कनेक्टिकट प्रांतांतून जातांना एके ठिकाणीं झाडें एका दिशेला आडवीं झालेलीं आणि कांहीं मैलांवर अगदीं उलट दिशेला पडलेलीं त्यानें पाहिलीं होतीं. यावरून वादळ म्हणजे एक प्रचंड भोंवरा आहे असें त्याचें मत झालें. उलट फिलाडेल्फियाचा शिक्षक जेम्स एस्पी म्हणे, भोंवरा वगैरे कांहीं नाहीं. हवा चोहोंकडून सरळ केंद्राकडे धांवते, तेथें वर चढते, थंड होते, तिच्यांतील वाफेचें पाणी होतें आणि त्या वेळीं सुटणाऱ्या उष्णतेनें वादळाला जोर येतो. या दोघांचा वाद कित्येक वर्षें चालला, आणि वादळांपेक्षां त्याचाच जोर अधिक होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा वाद तर्कानें मिटणारा नव्हता, कागदानें मिटणारा होता. तो कागद तयार केला इलायस लूमिस या ओहायो प्रांतांतील एका लहानशा महाविद्यालयाच्या प्राध्यापकानें. त्यानें प्रथम २० डिसेंबर १८३६ चें वादळ निवडलें. त्या दिवशीं इलिनॉय प्रांतांत थंडी इतकी अकस्मात उतरली कीं, म्हातारीं माणसें पुढें कित्येक वर्षें तिच्या गोष्टी सांगत असत. पण लूमिसनें तें वादळ निवडण्याचें कारण निराळें होतें. प्रसिद्ध ज्योतिषी जॉन हर्शेल यानें वर्षांतून चार ठराविक दिवशीं जगांतल्या निरीक्षकांनीं ताशीं एक नोंद घ्यावी असें सुचविलें होतें, आणि २१ डिसेंबर हा त्यांपैकीं एक दिवस होता. म्हणजे वादळ आलें तेव्हां पुष्कळ ठिकाणीं माणसें आधींच यंत्रांसमोर बसलेलीं होतीं. लूमिसनें महाविद्यालयांतून, लष्करी ठाण्यांवरच्या डॉक्टरांकडून, खाजगी गृहस्थांकडून पत्रोपत्रीं आंकडे गोळा केले. त्यावरून वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे कसें गेलें हें दिसलें. पण आंकडे थोडे पडले.

त्यानें हार मानली नाहीं. फेब्रुवारी १८४२ मध्यें पंधरा दिवसांत दोन मोठीं हिवाळी वादळें झालीं, तेव्हां त्यानें पुन्हां तोच उद्योग केला, आणि या खेपेस नकाशे काढले. ज्या ज्या ठिकाणीं वायुभार नेहमींपेक्षां सारखाच उतरला होता तीं ठिकाणें रेषांनीं जोडलीं. वारा बाणांनीं दाखविला. निरभ्र आकाश, ढग, पाऊस व बर्फ यांना वेगवेगळे रंग दिले. आज वर्तमानपत्रांत छापून येणारा हवेचा नकाशा पाहतांना ही कल्पना मुद्दाम कोणाला तरी सुचावी लागली असेल असें वाटतही नाहीं. मे १८४३ मध्यें फिलाडेल्फियाच्या विद्वत्सभेपुढें हे नकाशे मांडण्यांत आले. बाण पाहिल्यावर रेडफील्ड व एस्पी दोघेही अर्धे अर्धे बरोबर असल्याचें दिसलें. वारे फिरत होते आणि फिरतां फिरतां आंतही ओढले जात होते.

तथापि हा सर्व माग वादळ निघून गेल्यानंतरचा होता. नकाशा पुरा झाला तेव्हां त्यांतला बर्फ वितळून कधींच समुद्राला मिळालेला होता.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा पहिला चिटणीस जोसेफ हेन्री यानें या कामाला घडी घालून दिली. लूमिस व एस्पी या दोघांचाही सल्ला घेऊन त्यानें १८४९ पासून हौशी निरीक्षकांचें मंडळ उभें केलें. पहिल्या वर्षाअखेर सुमारें दीडशें माणसें त्यांत होतीं. पुढील दहा वर्षांत त्यांची संख्या पांचशेंच्या घरांत गेली. कोणालाही वेतन नव्हतें. संस्था छापील तक्ते पाठवी, सूचना पाठवी, आपलीं प्रकाशनें भेट देई. पुष्कळांनीं यंत्रें स्वतःच्या पैशानें घेतलीं. सकाळीं सात, दुपारीं दोन आणि रात्रीं नऊ, या तीन वेळा बांधलेल्या. चांगल्या हवेंत यांत कठीण कांहीं नाहीं. पण वादळ चालू असतां, ज्या रात्रीं शेजारी दाराला कडी घालून शेगडीपाशीं बसलेले असत, त्या रात्रीं नऊच्या ठोक्याला कंदील घेऊन कमरेइतक्या बर्फांतून मापाच्या भांड्यापर्यंत जाणें, आणि वर्षानुवर्षें जाणें, हें हौस या शब्दानें पुरतें सांगून होत नाहीं. त्याच रात्रीची नोंद सर्वांत मोलाची असे.

त्यांचे तक्ते महिन्याअखेर टपालानें जात, आणि टपाल वादळापेक्षां मंद. हेन्रीनें ही उणीव तारायंत्रानें भरून काढली. सकाळीं तारेची वाट चालू झाली म्हणजे ठिकठिकाणच्या तारमास्तरांनीं आपल्या गांवची हवा कळवावी, अशी त्यानें तार कंपन्यांशीं व्यवस्था केली. संस्थेच्या दालनांत १८५६ मध्यें एक मोठा नकाशा टांगला गेला. प्रत्येक गांवाच्या जागीं एक खिळा आणि त्यावर रोज सकाळीं एक चकती : हवा स्वच्छ असेल तर पांढरी, ढगाळ असेल तर तपकिरी, पाऊस पडत असेल तर काळी आणि बर्फ पडत असेल तर निळी. लोक हा नकाशा पाहण्यास मुद्दाम येत. सकाळीं सिन्सिनाटीला पाऊस असला कीं संध्याकाळपर्यंत तो वॉशिंग्टनला पोहोंचावयाचा, हा अनुभव इतका पक्का झाला कीं, हेन्री त्यावरून संस्थेंतील संध्याकाळचें व्याख्यान पुढें ढकलीत असे. वादळाची बातमी वादळाच्या पुढें धांवूं लागली होती. व्याख्यानाच्या सोयीसाठीं झालेला हा पहिला उपयोग क्षुल्लक वाटेल; पण निळ्या चकत्यांची रांग ओहायोकडून आपल्याकडे सरकतांना पाहणाऱ्याला उद्यांचा दिवस आज दिसत होता, हें तोंपर्यंत कोणाच्याही वांट्याला आलें नव्हतें.

१८६१ मध्यें यादवी युद्ध सुरूं झालें, तारा लष्कराच्या कामीं लागल्या आणि हें सर्व विसकटलें. तें पुन्हां जुळविण्यांतही एक हौशी मनुष्य पुढें होता. मिलवॉकीचा इन्क्रीझ लॅपम हा स्वतःच्या व्यासंगानें विद्वान झालेला गृहस्थ. तो वर्षानुवर्षें हवेच्या नोंदी ठेवीत आलेला होता. मोठ्या सरोवरांवर वादळांत बुडालेल्या जहाजांच्या व माणसांच्या याद्या त्यानें तयार केल्या आणि आपल्या प्रांताच्या प्रतिनिधीमार्फत काँग्रेसपुढें ठेवल्या. ९ फेब्रुवारी १८७० रोजीं अध्यक्ष ग्रँटनें ठरावावर सही केली, हवेचें काम लष्कराच्या सिग्नल खात्याकडे आलें, आणि १ नोव्हेंबरपासून चोवीस ठाण्यांवरून एकाच क्षणीं घेतलेल्या नोंदी तारेनें येऊं लागल्या. १८७४ मध्यें हेन्रीनें आपले हौशी निरीक्षकही याच खात्याच्या हवालीं केले.

अठरा वर्षें हें यंत्र नीट चाललें. मग मार्च १८८८ आला.

शनिवार, १० मार्चचा दिवस न्यूयॉर्कमध्यें उबदार गेला. रविवारीं पाऊस लागला. खात्यानें दिलेल्या भाकितांत पुढच्या संकटाची सूचना नव्हती. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला, वारा सोसाट्यानें सुटला आणि सोमवारीं सकाळीं कामावर निघालेलीं हजारों माणसें उंच पुलांवरून धांवणाऱ्या गाड्यांत मध्येंच अडकून पडलीं. खालीं शिड्या घेऊन आलेले लोक त्यांना उतरवून घेण्याचे पैसे घेत होते. शहर कोणतेंही असो, असे लोक भेटावयाचेच. बर्फाच्या भारानें खांब पडले व तारा तुटल्या. न्यूयॉर्कहून बॉस्टनला पाठवावयाचा निरोप समुद्राखालच्या तारेनें आधीं लंडनला आणि तेथून उलट बॉस्टनला पाठवावा लागला. वादळाचा माग जिच्यावर अवलंबून होता ती तारच वादळानें तोडून टाकली होती. केंद्र पुढें निघून जावयाचें तें नव इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ घुटमळत राहिलें, हें त्या वेळीं कोणालाही ठाऊक नव्हतें. न्यूयॉर्क शहरांत एकवीस इंच बर्फ पडला; वर ऑल्बनीला सेहेचाळीस इंचांहून अधिक; सॅराटोगाला अठ्ठावन्न. चारशेंहून अधिक माणसें मेलीं, त्यांपैकीं सुमारें दोनशें एकट्या न्यूयॉर्क शहरांत. कित्येक जण स्वतःच्या घरापासून थोड्याशाच अंतरावर बर्फांत गाडलेले सांपडले.

तारा पुन्हां लागल्यावर जी चौकशी झाली तींत हौशी लोकांचें काम पुन्हां पुढें आलें. नव इंग्लंडमध्यें हवामानाची आवड असणाऱ्यांची एक संस्था चार वर्षांपूर्वींच स्थापन झाली होती. ब्राउन विद्यापीठांतील ज्योतिषाचे प्राध्यापक विन्स्लो अप्टन यांनीं तिच्या निरीक्षकांकडून बर्फाच्या नोंदी मागवून गांवोगांवच्या खोलीचा नकाशा तयार केला. समुद्रावरची बाजू मात्र कोरी होती, कारण समुद्रावर अंगणें नसतात. ती आरमारी नकाशा कचेरींतील एव्हरेट हेडन यानें जहाजांच्या रोजनाम्यांवरून भरून काढली. ज्या जहाजांवरचीं माणसें वांचलीं त्यांच्याच नोंदी अर्थात् मिळाल्या. दोनशेंच्या वर जहाजें त्या वादळांत फुटलीं किंवा किनाऱ्यावर जाऊन रुतलीं होतीं. हेडनचा लेख त्याच वर्षीं निघालेल्या नॅशनल जिऑग्रफिक मासिकाच्या पहिल्या खंडांत छापला गेला.

१८९० च्या कायद्यानें हवामानखातें लष्कराकडून काढून मुलकी करण्यांत आलें आणि त्याबरोबरच बिनपगारी निरीक्षकांना कायद्याचा आधार मिळाला. त्यांची परंपरा आजतागायत अखंड आहे. आतां उपग्रह आहेत, रडार आहे, मोठीं गणकयंत्रें आहेत. मार्च १९९३ चें प्रचंड वादळ जमून येण्याच्या जवळजवळ पांच दिवस आधीं त्याचें भाकीत झालें होतें. पण जमिनीवर नेमका किती बर्फ सांचला हें आभाळांतून अजूनही नीट मोजतां येत नाहीं. तेथें माणूस आणि फूटपट्टीच लागते.

आणि हें मोजणें पावसाच्या मापाइतकें सरळ नाहीं. पाऊस भांड्यांत पडला कीं तेथेंच राहतो. बर्फ वाऱ्यानें उडतो, एके ठिकाणीं ढीग घालतो, शेजारची जागा उघडी टाकतो. आणि पडल्यापासून स्वतःच्या भारानें दबत जातो. म्हणून नियम असा कीं, पांढरा रंग दिलेली एक सपाट फळी आडोशाच्या जागीं ठेवावी, तिच्यावरचा बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजावा आणि फळी पुसून पुन्हां ठेवावी. पण सहा तासांतून एकदांच, त्याहून अधिक वेळां नव्हे. जो निरीक्षक दर तासाला पुसतो त्याचा बर्फ दबण्यापूर्वींच मोजला जातो व त्याची बेरीज फुगते.

या नियमानें एका माणसाचा विक्रम हिरावून नेल्याचें उदाहरण आहे. जानेवारी १९९७ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील माँटेग्यू या गांवीं एका हौशी निरीक्षकानें चोवीस तासांत ७७ इंच बर्फ मोजला. कोलोरॅडोंतील सिल्व्हर लेकचा १९२१ चा पंचाहत्तर इंच आठ दशांश हा गाजलेला आंकडा त्यानें मागें टाकला होता. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. मग सरकारी समिती बसली, आणि तिला आढळलें कीं, चोवीस तासांत चार वेळांऐवजीं सहा वेळां मोजमाप झालें होतें. बर्फ पडला होता, हें समितीला मान्य होतें. माणूस प्रामाणिक होता, हेंही मान्य होतें. परंतु विक्रम म्हणून तो आंकडा नामंजूर झाला. ऐन वादळांत रात्रंदिवस जागून फळी पाहणाऱ्या माणसाला त्याच्या अतिउत्साहाबद्दलच हें फळ मिळावें, यांत थोडा अन्याय वाटतो. पण सहा वेळां मोजलेला आंकडा चार वेळां मोजलेल्याशेजारीं ठेवला असता, तर लूमिसच्या रेषा पुन्हां वांकड्या झाल्या असत्या.

२२ जानेवारी १९१६ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या २०१६ च्या त्याच तारखेला सुरूं झालेल्या वादळाची वाट हौशी लोक आठवडाभर आधींपासून पाहत होते. वॉशिंग्टनच्या विमानतळावर बर्फ इतका वेगानें पडला कीं, मोजण्याची फळीच त्याखालीं गडप झाली, तेथील १७.८ इंचांच्या आंकड्यावर पुढें पुष्कळ तक्रारी झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें २६.८ इंच जाहीर झाले. २००६ सालचा विक्रम होता २६.९ इंचांचा, म्हणजे दहाव्या भागानें हुकलेला. मोजणी पुन्हां तपासण्यांत आली. उद्यानांतील मोजणाऱ्यांनीं सांगितलेला आंकडा आणि खात्यानें लिहून घेतलेला आंकडा यांत निरोपाची चूक झाल्याचें त्यांत निघालें, आणि एप्रिल महिन्यांत, शहरांतील बर्फ वितळून कित्येक आठवडे लोटल्यावर, सेंट्रल पार्कच्या वहींत २७.५ इंच अशी दुरुस्ती करण्यांत आली.